लोटलं तरी लागणारं दार

दादामियाँ, आज सकाळी मोटारीचं मागचं डावं दार मी पाच वेळा उघडलं आणि पाच वेळा नुसतं लोटलं. पाचही वेळा लागलं. दोन बोटांचा जोर आणि तो बारीकसा टक् आवाज. समोरच्या बंगल्याचा माळी कुंपणापाशी उभा राहून बघत होता. डॉक्टरांचं डोकं फिरलं असं त्याला वाटलं असेल, तर वाटो.

तुम्हाला माती देऊन आज सहा दिवस झाले. तुम्ही केवढे चांगले होतात हे लोकांनी त्या दिवशी पुष्कळ सांगितलं. ते तुम्हाला पुन्हा ऐकवायला मी बसलेलो नाही, तुम्हाला ते आवडलंही नसतं. मला या एका दाराबद्दल लिहायचं आहे. या दाराचं एक खोटं बारा वर्षं तुमच्या नावावर राहिलं, आणि ते तिथे राहू देणारा मी होतो. हे बोलायला मला रोज सवड होती. रोज आपण पुढच्या बाकावर शेजारी शेजारी बसत होतो.

गाडी मी लोणावळ्याजवळच्या तुंगार्लीतल्या एका बंगलेवाल्या पारशाकडून घेतली, आणि गाडीबरोबर तिचे ड्रायव्हर तुम्हीही आलात. पहिल्याच दिवशी तुम्ही मला गाडीभोवती फिरवून दाखवलंत. हॉर्न, दिवे, टायर सगळं दाखवून झाल्यावर मागच्या डाव्या दारावर हात ठेवून म्हणालात, "ह्ये जरा नाजूक हाय." मी त्यावर काही विचारलं नाही. नवी गाडी घेतलेल्या माणसाला कान नसतात, आणि माझ्या लेखी ती नवीच होती.

पारशाच्या घरी दाराचा त्रास कधी झाला नाही, कारण तिथे दार उघडायचं तुम्ही आणि लावायचंही तुम्ही. माझ्याकडे तसं होईना. माझ्या गाडीत बसायचे ते पेशंट आणि त्यांची माणसं. कुणी कुणाला धरून आत घालतंय, कुणी गाठोडं कोंबतंय, कुणी बाहेरून रडतंय, आणि या सगळ्यात दार कोण लावील याचा नेम नाही. लावायचे तेही नुसतं ओढून घ्यायचे. मग पहिल्या खड्ड्याला ते हळूच उघडायचं, आणि मी पुढून ओरडायचो.

मला याची फार चीड यायची. मोटारीचं दार आपटायचं असतं, एवढी साधी गोष्ट माणसांना का कळू नये? तेव्हा तुम्ही एकदा, कार्ल्याच्या फाट्यापाशी गाडीत पाणी घालताना, मला शांतपणे समजावलं होतंत. आमच्याकडं दार तीन तऱ्हांनी बंद होतं, म्हणालात. कडी घालून लावायचं ते रात्री. आपटायचं ते भांडणात, समोरच्याच्या तोंडावर. बाकी सगळा दिवस दार लोटलेलं असतं. आणि घरातून माणूस निघाला, तर तो वळणाआड होईतो त्याच्यामागं दार लावायचंच नसतं, नाहीतर एकदाचा जा असं म्हटल्यासारखं होतं. आता आजारी माणूस घरातून निघालाय, परत येतो की नाही ठाऊक नाही, आणि तुम्ही म्हणता त्याच्या अंगावर दार आपटा. कोण आपटील?

मी म्हणालो, हे घराचं दार नाही, यंत्र आहे. यंत्राला यंत्रासारखंच वागवलं पाहिजे, लोकांनी शिकलं पाहिजे.

तुम्ही डब्याचं तोंड बंद करता करता म्हणालात, "डाक्टर, गाडी येक हाय आन मानसं लय. कुनाला शिकवनं सोपं?"

मी लोकांनाच शिकवायचं ठरवलं आणि रंगाऱ्याला बोलावलं. त्याच्याकडून दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या अक्षरांत रंगवून घेतलं: दार जोराने लावा. ज्यांच्यासाठी लिहिलं होतं त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. ज्याला येत होतं तो बाजारपेठेतला एक वाणी, आणि त्याला राग आला. आम्ही काय दारं आपटणाऱ्यांतले दिसलो का तुम्हाला, असं म्हणून तो पोटात कळा येत असताना खाली उतरला आणि चालत घरी गेला. तुम्ही हसला नाहीत. तुमचं ते न हसणं मला जास्त लागलं.

आता त्या दिवसाचं.

सुदुंबऱ्याचे लोक जवळचं तळेगाव सोडून माझ्याकडे येत ते माझ्या हुशारीमुळे नव्हे. सुदुंबरं तुमचं गाव. दादा ज्याची गाडी चालवतो तो डॉक्टर बरा असणार, एवढ्या हिशेबावर ते मला बोलावत. त्या दिवशी निरोप आला तो तुमच्या शेजारच्या काशीबाईंकडून. त्यांची सखू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ नीट झालं होतं, पण नवव्या दिवशी तिला ताप चढला तो उतरेना. आपण पोचलो तेव्हा ती शुद्धीवर येत जात होती. तिला लोणावळ्याला माझ्या दवाखान्यात हलवणं भाग होतं. घरचे तयार होईनात. बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर काढायचं, तेही मोटारीत. शेवटी तुम्ही काशीबाईंना बाजूला घेऊन काहीतरी बोललात, आणि त्या उठून लेकीचं अंथरूण गोळा करायला लागल्या.

सखूला मागच्या बाकावर आडवी घातली. डोकं काशीबाईंच्या मांडीवर, आणि काशीबाई डाव्या दाराला लागून. बाळाला त्यांच्या जावेनं घरीच ठेवून घेतलं. तुम्ही गाडी चालू करायला पुढे हँडल मारत होतात. मागचं दार उघडं होतं आणि त्याच्यापाशी मी उभा होतो.

दार मी लावलं, दादामियाँ.

माझा हात दारावर होता. आतून माझीच पांढरी अक्षरं माझ्याकडे बघत होती. दार आपटायचं म्हणून मी ते चांगलं मागे घेतलं, आणि तेवढ्यात सखूनं डोळे उघडले. तिचं डोकं दारापासून वीतभर. तिनं माझ्याकडे बघितलं, तापातल्या माणसाच्या त्या कोरड्या नजरेनं. आणि मी, ज्यानं दोन वर्षं साऱ्या मावळाला दार आपटण्यावर व्याख्यानं दिली, त्यानं ते हळूच लोटलं, आणि मी पुढे जाऊन बसलो. खटक्याचा आवाज झाला नाही हे मला कळलं होतं. हेही लिहून टाकतो. मला कळलं होतं, आणि पुन्हा उतरून तिच्या कानाशी आपटायचं माझ्या जिवावर आलं. जाईल तसंच, असं वाटलं.

इंदुरीच्या अलीकडच्या वळणावर दार उघडलं. गाडी बैलगाडीपेक्षा थोडी जोरात असेल, तरी काशीबाई बाहेर गेल्या. जाताना त्यांनी दार धरलं नाही, बाक धरला नाही, दोन्ही हातांनी लेकीचं डोकं आत लोटलं. म्हणून सखू बाकावर राहिली आणि काशीबाई उजव्या हातावर खडीत पडल्या. मनगट मोडलं.

शेतातून माणसं धावत आली. मी छत्रीची काडी मोडून त्यांच्या हाताला बांधत होतो. कुणीतरी विचारलं, दार कुणी लावलं होतं? मी तोंड उघडण्याआधी तुमचा आवाज आला.

"म्या. बगायचं राह्यलं."

मी मान वर केली नाही. पट्टी बांधत राहिलो. पट्टी बांधून संपली तरी बांधत राहिलो.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी म्हणू शकलो असतो की मला वेळच मिळाला नाही. पण आठ दिवसांनी सखूचा नवरा दवाखान्यात आला. सखूचा ताप उतरला होता, पण सासूचा हात गळ्यात होता आणि तो माणूस तापलेला होता. डॉक्टर, हे झालंच कसं, म्हणून त्यानं मला तोंडावर विचारलं. मी म्हणालो, ड्रायव्हरचं लक्ष राहिलं नाही. अगदी सहज म्हणालो, औषध दिवसातून तीनदा घ्या म्हणावं तसं. मग खिडकीबाहेर नजर गेली. तुम्ही गाडीची काच पुसत होतात. हात थांबला नाही तुमचा. खिडकी उघडी होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला म्हणालात की दोन दिवस गाडी बाहेर काढायची नाही, दार काढतो. मी मान डोलावली. तेवढंच.

ते दोन दिवस मी दवाखान्याच्या खिडकीतून बघत होतो. तोपर्यंत मी समजत होतो की खटका झिजलाय. तुम्ही दार बिजागऱ्यांसकट उतरवलंत आणि मला बोलावून दाखवलंत की वरून पत्रा असला तरी आत लाकडाची चौकट आहे, आणि लोणावळ्याच्या हवेत ते लाकूड चार महिने फुगतं आणि आठ महिने आकसतं. वरच्या बिजागरीचे स्क्रू भोकांतून सैल झाले होते. त्यामुळे दार आपल्याच वजनानं खाली बसलं होतं, आणि खटक्याची जीभ खाचेत न जाता तिच्या खालच्या काठावर टेकत होती. आपटलं की उडी मारून आत जायची, लोटलं की काठावरच राहायची. तुम्ही भोकांत सागाच्या खुंट्या ठोकल्यात, स्क्रू नव्यानं बसवलेत, खालच्या बिजागरीमागे रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून घातलात. जीभ कानशीनं घासून तिरकी केलीत. तिला मेणबत्ती चोळलीत. चौकटीला जुन्या चपलेचं चामडं लावलंत, दार खडखडू नये म्हणून.

मी म्हणालो, झालं की, आता आपटलं की पक्कं बसेल. तुम्ही म्हणालात, आपटलं की पहिल्यापासूनच बसत होतं.

मग तुम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलात आणि रस्त्यानं जाईल त्याला हाक मारायला लागलात. जरा दार लावता का? एवढंच. कसं लावा ते सांगायचं नाही. स्टेशनवरचा हमाल आला, चिक्कीच्या दुकानातला आचारी आला, भाजीची पाटी डोक्यावर घेऊन एक म्हातारी आली. तिनं पाटी न उतरवता कोपरानं दार लोटलं. लागलं नाही. तुम्ही खाली उतरून पुन्हा कानस घेतलीत. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच म्हातारी परत जाताना दिसली तेव्हा तिला तुम्ही पुन्हा थांबवलंत. तिनं पुन्हा कोपरानं लोटलं, आणि टक्. "लागलं का रं दादा?" असं विचारून ती निघून गेली. तुम्ही आत बसून होतात, जरा वेळ उतरलाच नाहीत. मी खिडकीतून बाजूला झालो.

त्यानंतर त्या दारानं कधी दगा दिला नाही. दर दिवाळीनंतर, लाकूड आकसलं की, तुम्ही पत्र्याची एक चकती घालायचात, आणि आषाढात ती काढायचात. मला आजच कळलं की त्या चकत्या तुम्ही पुढच्या कप्प्यात, काडेपेटीत जपून ठेवल्या आहेत.

दार सुधारलं. तुमचं नाव मात्र सुधारलं नाही. सुदुंबऱ्यात गाडी शिरली की पोरं ओरडायची, दादामियाँ, दार बघा. मोठी माणसं ओरडायची नाहीत, पण बसताना आधी दार हलवून बघायची, तुमच्या देखत. तुमच्या सख्ख्या पुतणीच्या निक्याला पाहुणे आणायला घरच्यांनीच चाकणहून दुसरी गाडी आणवली. तुम्ही निक्याला चालत गेलात. मला तुम्ही त्या दिवशी गाडीला काम नाही एवढंच सांगितलं होतंत, बाकीचं मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

एकदा मी बोलायला गेलो होतो, हे तुम्हाला आठवत असेल. वडगावच्या पुढे रेल्वेचं फाटक बंद होतं आणि आपण आगगाडी जाण्याची वाट बघत उभे होतो. मी म्हणालो, दादामियाँ, त्या दाराचं... तुम्ही फाटकाकडे बघत म्हणालात, "ते दार झालं आता, डाक्टर. फुडचं डावं बगाया हवं, ते बी कुरकुरतंय." आणि मी, मला ठाऊक असून, पुढच्या दाराबद्दल बोलायला लागलो. इतकं हायसं मला क्वचित वाटलं असेल. तुम्ही मला सोडवत होतात आणि मी सुटत होतो.

लढाई सुरू झाली, पेट्रोल कुपनावर आलं, गाडी आठवड्यातून दोनदा निघायला लागली. तुमचा दमाही त्याच सुमारास वाढला. गेल्या महिन्यात तुम्ही म्हणालात की आता गावाकडे नेऊन सोडा. मी चालवली आणि तुम्ही मागे आडवे झालात, त्याच बाकावर. मी दार लोटलं. टक् झालं. तुमचे डोळे मिटलेले होते, तरी तुम्ही म्हणालात, "लागलं."

मी म्हणालो, हो.

तिथे बोलायचं होतं. तिथेही बोललो नाही.

म्हणूनच सहा दिवसांपूर्वी, तीन मुठी माती टाकून मी बाजूला उभा होतो तेव्हा तुमच्या गावचा एक म्हातारा जे म्हणाला ते मला सहन झालं नाही. वाईट नाही म्हणाला तो. "मानूस सोन्यासारका. सगळ्या जल्मात येकदाच चुकला, त्या दारापायी." सगळ्यांनी माना हलवल्या. तुमच्या कबरीवरची माती ओली होती आणि माझं खोटं तिथे पुन्हा एकदा, आदरानं, तुमच्या नावावर चढवलं जात होतं.

तिसऱ्या दिवशी तुमच्या घरी जियारतीच्या प्रार्थनेला आलो. उरकल्यावर शेजारी काशीबाईंकडे गेलो. दार लोटलेलं होतं. त्या तांदूळ निवडत होत्या, डाव्या हातानं, उजवं मनगट अजून पुरतं वळत नाही. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, की ते दार मी लावलं होतं, दादामियाँनी नव्हे, आणि जावयाला मी खोटं बोललो.

काशीबाईंचा हात सुपातून निघाला नाही. "मला ठाव हाय की," त्या म्हणाल्या. "मी आतच व्हते न्हवं का? तुमचं तोंड माज्या तोंडाम्होरं व्हतं. सखूनं डोळं उगडलं, तुमी तिच्याकडं बगितलं आन हळूच लोटलंत. मला बरं वाटलं व्हतं तवा."

मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

"दादानं बोलू दिलं न्हाई. माजा हात गळ्यात व्हता तवाच आलता. म्हनला, काशे, गावात बोलू नगंस. डायवर दुसरा मिळंल, डाक्टर दुसरा यायचा न्हाई हितं. मानसं याच्या गाडीत बसायची थांबली, तर मरत्याल."

मी खाली बसलो. दादामियाँ, मी बारा वर्षं समजत होतो की तुम्ही मला वाचवलंत आणि मला त्याची लाज वाटत होती. तुम्ही मला वाचवलंच नव्हतं. मी त्यात दुय्यम होतो. तुम्ही तुमच्या गावाला डॉक्टर राखून ठेवला, आणि त्याच्यापायी त्याच गावाचं हसणं सोसलंत. मला तुमचा राग आला. आजही थोडा आहे. मला विचारायला हवं होतंत. विचारलं असतंत तर मी काय म्हणालो असतो, ते मात्र मी आता छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मी काशीबाईंना म्हणालो, आता तुम्ही गावाला सांगा. त्या म्हणाल्या, "म्या का? तुमचं हाय, तुमी सांगा."

देवळापुढच्या पारावर सात-आठ जण बसले होते, कबरस्तानातला तो म्हाताराही होता. मी सांगितलं. गाडी कुणी हँडल मारून चालू केली, दार कुणी लावलं, खटका वाजला नव्हता हे कुणाला कळलं होतं, जावयाला कोण काय म्हणालं, सगळं. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर सोपं गेलं असतं. म्हाताऱ्यानं विचारलं, "पर डाक्टर, तुमी तर आपटा म्हनायचा. मंग लोटलंत कशापायी?"

मी म्हणालो, पोरीनं डोळे उघडले होते.

"मंग बराबर हाय," तो म्हणाला. आणि उठून तुमच्या घराकडे गेला. त्याच्यामागून बाकीचेही उठले. तुमच्या भावाच्या ओट्यावर ते जाऊन बसलेले मी गाडीतून पाहिले. काय बोलले ते मला ठाऊक नाही, ते माझ्यासाठी नव्हतंच.

आज सकाळी ती पांढरी अक्षरं मी खरवडून काढली. तुम्ही मला दोनदा म्हणाला होतात की आता पाटी नको, दार लोटलं तरी लागतंय, आणि मी निव्वळ हट्टानं ती ठेवली होती. अक्षरांबरोबर खालचा रंगही निघाला, पत्रा उघडा पडलाय. तुम्ही असता तर म्हणाला असता, गंज धरंल. धरील. उद्या रंग लावतो.

वाद तसा राहिलाच आपला. यंत्राला यंत्रासारखं वागवावं असं मला अजूनही वाटतं, आणि तुमच्यासारखा मिस्त्री दर गावात नसतो हे माझं म्हणणं तुम्ही कधी खोडलं नाहीत. पण एक तुम्हीच शिकवलेलं आहे, की गेलेला माणूस वळणाआड होईतो त्याच्यामागे दार लावायचं नसतं. मी म्हटलं, निदान लोटून तरी ठेवावं. पण तुम्ही केलेलं हे दार, ते लोटलं तरी लागतं.

म्हणून आज ते उघडंच ठेवलं आहे.